लॅमिंग्टन रोडचं जुनं चार पोर्टचं नेटवर्क कार्ड आणि सात दिवसांची चेकिंग वॉरंटी

आधीच सांगतो, कार्ड चांगलं निघालं. पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क कुठे कापला ते पुढे येईलच, आणि त्यात कार्डाचा दोष किती नि माझा किती हे तुम्हीच ठरवा.

वस्तू म्हणजे इंटेलचं आय३५०-टी४, चार गिगाबिट (म्हणजे १००० एमबीपीएसच्या) पोर्टवालं सर्व्हरचं कार्ड. हे मॉडेल २०११ सालचं, म्हणजे तसं म्हातारंच, पण सर्व्हरमधून काढलेली अशी कार्डं बाजारात भरपूर येतात आणि घरच्या राउटरसाठी लोक तीच घेतात, कारण लिनक्समध्ये ड्रायव्हर आधीपासूनच असतो, लावलं की चालू. मला लॅमिंग्टन रोडला, म्हणजे मुंबईतल्या कॉम्प्युटर-इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, पडलं २८०० ला. वर १५० रुपये कार्ड डब्याला स्क्रूने बसवायच्या छोट्या पट्टीचे. माझा डबा म्हणजे ऑफिसातून निघालेला बारका डेस्कटॉप, त्यात मोठी पट्टी बसतच नाही, आणि हे मला दुकानात उभं असताना आठवलं हे नशीब, नाहीतर डोंबिवलीहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला परत एक फेरी झाली असती. तर घेताना ही छोटी, म्हणजे लो प्रोफाइल पट्टी मागून घ्या, ती आपणहून कोणी देत नाही.

आता हे सगळं कशासाठी? घरी ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला पण बेडरूममधल्या पीसीवर ९४ च्या वर एक काडी सरकेना. कधीही टेस्ट करा, सकाळी करा रात्री दोनला करा, ९३.८, ९४.१, असंच. इंटरनेट कंपनीचा माणूस आला, स्वतःचा लॅपटॉप थेट कंपनीच्या डब्ब्याला लावला, ३०० पूर्ण दाखवले आणि म्हणाला तुमचा राउटर जुना आहे. खरं होतं ते, माझ्या राउटरचे पोर्टच १०० वाले होते, आणि १०० च्या पोर्टमधून हेडर वगैरे वजा जाता हातात साधारण ९४ च पडतात. म्हणजे आकडा बघूनच कळायला पाहिजे होतं. असो. मग मी म्हटलं नवा राउटर घेण्यापेक्षा जुन्या पीसीत कार्ड टाकू, ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची फुकट लिनक्स सिस्टम) चढवू, मजा येईल. मजा आली. कार्ड लागलं, पीपीपीओई (इंटरनेट कंपनीचं लॉगिन) जोडलं, हॉलमध्ये वायफायवर फोनला अडीचशेच्या वर मिळायला लागले, आणि बेडरूमच्या पीसीवर?

९४.

च्यायला. तेव्हा वॉरंटीचा पाचवा दिवस.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लॅमिंग्टन रोडला जुन्या मालावर जी मिळते तिला चेकिंग वॉरंटी म्हणतात. सात दिवसांत घरी लावून बघा, नाही चाललं तर बदलून देतो, पैसे परत नाहीत. आठव्या दिवशी तुम्ही कोण नि तो कोण. दुकानदाराला फोन केला तर त्याचा एकच प्रश्न, "लाइट जल रही है ना?" म्हटलं जळतेय. "फिर चालू है साहब." त्याच्या हिशोबाने टेस्ट संपली. पण मला शंका अशी की पोर्ट नंबर तीन अर्धवट मेलेला असणार, कारण बेडरूमची वायर तिथेच लावलेली. आणि शंकेवर कोणी कार्ड बदलून देत नाही, पुरावा लागतो, म्हणून बसलो टेस्ट करायला.

हत्यार एकच, इथटूल. लिनक्समध्ये नेटवर्क कार्डाला उलटंसुलटं करून प्रश्न विचारायचा हा कमांड, फुकट, ओपनडब्ल्यूआरटीवर पॅकेज म्हणून टाकावा लागतो. त्यात मायनस टी दिलं की कार्ड स्वतःची तपासणी करतं. दोन प्रकार आहेत, ऑनलाइन आणि ऑफलाइन. ऑनलाइनमध्ये या कार्डावर फक्त लिंक, म्हणजे वायरने समोरच्याशी जोडणी, आहे का एवढं बघतात, म्हणजे दुकानदाराच्या लाइटच्या टेस्टपेक्षा फार काही नाही. खरी ती ऑफलाइन. त्यात पाच गोष्टी होतात: रजिस्टर, ईईप्रॉम, इंटरप्ट, लूपबॅक आणि लिंक. प्रत्येकासमोर शून्य आलं तर पास.

आणि ऑफलाइन म्हणजे शब्दशः ऑफलाइन हां. कार्ड तेवढा वेळ पोर्ट बंद करतं, टेस्ट करतं, मग परत उठवतं. हे मी मॅन्युअलमध्ये वाचलेलं. वाचून सुद्धा, पहिला पोर्ट म्हणून सवयीने एक नंबर टाकला, आणि एक नंबर माझ्याकडे इंटरनेटचा. काही सेकंदांचा खेळ पण पीपीपीओई पडलं, परत डायल झालं, तोपर्यंत आतून बायकोचा आवाज, "ऐक ना, मी प्रेझेंट करत होते, तू काही केलंस का?" मी म्हटलं नाही गं, लाइनलाच प्रॉब्लेम असेल. हे ती वाचणार नाही अशी आशा. तुम्ही मात्र ऑफलाइन टेस्ट करायची तर ज्या पोर्टमधून तुम्ही स्वतः राउटरमध्ये घुसलाय तो आणि इंटरनेटचा पोर्ट शेवटी घ्या, रात्री घ्या.

पोर्ट एक पास, दोन पास. मग चार नंबर लावला, म्हटलं तीनला शेवटी धरू, तर स्क्रीनवर फेल. पोटात गोळा. खाली बघतो तर पहिल्या चारही टेस्टना शून्य, लिंकसमोर एक. अरे, चार नंबरला वायरच लावलेली नाही! वायर नाही तर लिंक कुठून येणार, आणि पाचातलं एक जरी चुकलं तरी वरती मोठ्या अक्षरात फेलच छापतात. वायर खुपसली, परत चालवलं, पास. हे पुढच्या कोणाच्या तरी कामाला येईल म्हणून लिहितोय, फेल दिसलं की लगेच दुकानदारावर ओरडायला फोन उचलू नका, आधी खालच्या पाच ओळी वाचा.

मग तीन नंबर. पास. पाचही शून्य.

इथे मी जरा चिडलो, कारण मला ते फेल व्हायलाच हवं होतं. मग बसून विचार केला की ही टेस्ट नक्की बघते काय. रजिस्टर टेस्ट म्हणजे चिपच्या आतल्या खणांत ठराविक आकडे लिहायचे आणि तेच परत वाचता येतात का बघायचं. ईईप्रॉम म्हणजे कार्डावरची छोटी मेमरी, ज्यात कार्डाची ओळख सांगणारा मॅक अ‍ॅड्रेस आणि सेटिंग असतं, तिची बेरीज जुळते का एवढंच बघतात. इंटरप्ट म्हणजे कार्डाने हाक मारली तर प्रोसेसरला ऐकू जाते का. आणि लूपबॅक म्हणजे कार्ड स्वतःलाच डेटाची पाकिटं पाठवतं आणि स्वतःच घेतं. पण हे सगळं आतल्या आत! पाकीट जॅकच्या पितळी पिनांपर्यंत येतच नाही. म्हणजे जॅकची पिन वाकलेली असेल, ट्रान्सफॉर्मर गेलेला असेल, वायर कुरतडलेली असेल, तरी ही टेस्ट पहिल्या चारांत हसत पास होणार. घरातल्या घरात गाऊन बघितल्यासारखं, आवाज गल्लीत जातो का ते वेगळं.

तसंच ईईप्रॉम पास म्हणजे कार्ड असली असंही नाही. या मॉडेलच्या नकला बाजारात आहेत ही उघड गोष्ट आहे, आणि जो अख्खं कार्ड नकली बनवतो त्याला बेरीज जुळवणं काय जड आहे? मी एवढंच केलं की इथटूल मायनस कॅपिटल पी ने मूळ मॅक अ‍ॅड्रेस काढला आणि कार्डावरच्या स्टिकरशी ताडून बघितला, जुळला, चारही पोर्टचे ओळीने एकापुढे एक. यावरून शंभर टक्के काही सिद्ध होत नाही पण झोप लागते.

तर आतलं सगळं ठीक आहे म्हटल्यावर बाहेर बघायचं. आणि इथे माझी लाज वाटण्यासारखी गोष्ट, जो साधा कमांड सगळ्यात आधी द्यायचा तो मी सगळ्यात शेवटी दिला. नुसतं इथटूल आणि पोर्टचं नाव, बाकी काही नाही. तीन नंबरला स्पीड १००. बाकीच्यांना १०००. तिथेच लिहिलेलं की कार्ड १००० बोलायला तयार आहे, आणि समोरचा पीसी सुद्धा १००० वालाच. दोघंही हजाराला तयार आणि लग्न ठरलं शंभरावर! मग कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग काढला तर त्यात ओळच होती की स्मार्टस्पीडने लिंकचा वेग उतरवला. ही या कार्डाची सोय आहे, हजारावर जोडायचा प्रयत्न फसला की मुकाट्याने खाली उतरतं आणि काम चालू ठेवतं. सोय चांगली, पण मुकाट्याने केल्यामुळे लाइट जळत राहते आणि माणूस फसतो. लॉग उघडला नसता तर आजही कार्डालाच शिव्या देत बसलो असतो.

मग साधी अदलाबदल. बेडरूमची वायर चार नंबरला लावली, तिथेही १००. तीनला दुकानातली रेडीमेड वायर आणि लॅपटॉप, १०००. म्हणजे रोग वायरबरोबर फिरतोय, पोर्टबरोबर नाही. तरी वॉरंटी शिल्लक होती म्हणून प्रत्येक पोर्टवर अर्धा अर्धा तास आयपर्फ (दोन मशीनमधला वेग मोजायचा प्रोग्राम) चालवलं, चारही ९४० च्या आसपास, आणि इथटूल मायनस कॅपिटल एस मधले सीआरसी एररचे, म्हणजे वाटेत बिघडलेल्या पाकिटांचे, आकडे आधी नि नंतर लिहून ठेवले, शून्य ते शून्य. माझ्या मते जुन्या कार्डाची खरी परीक्षा ही, सेल्फ टेस्ट नाही. सेल्फ टेस्ट मिनिटात होते आणि मेलेली चिप पकडते, पण आजारी जॅक पकडायला खरा ट्रॅफिक आणि हे काउंटरच लागतात. कार्ड अर्ध्या तासानंतर हाताला कोमट, बस.

हां, एक बारकी सोय फार आवडली, मायनस पी. दिलं की त्या पोर्टची लाइट लुकलुकते. माझ्या कार्डावर डावीकडून पहिला म्हणजे मशीनच्या हिशोबाने पहिला नाही, उलटं होतं, आणि डबा शू रॅकच्या मागे असल्यामुळे वाकून बघायला फोनचा कॅमेरा लावावा लागला, पण लुकलुक दिसली. त्याच दिवशी नखाएवढ्या कागदांवर नंबर लिहून चिकटवले.

आता वायरचं. हजाराला वायरमधल्या चारही जोड्या लागतात, शंभराला दोनच पुरतात, केशरी आणि हिरवी. म्हणजे निळी किंवा तपकिरी जोडी गेली की नेमकं हेच होणार, लाइट जळणार, नेट चालणार, फक्त ९४ च्या पुढे जाणार नाही. बेडरूमचं सॉकेट खोललं तर तपकिरी ठीक, आणि निळी जोडी क्रिंपमध्ये, म्हणजे दाबून बसवलेल्या कनेक्टरमध्ये, नाहीच, ती बाजूला वळून भिंतीत गेलेली. कुठे? शेजारच्या टेलिफोनच्या सॉकेटला! घराचं काम झालं तेव्हा वायरमनने दुसरी वायर ओढायचा कंटाळा करून त्याच वायरमधली निळी जोडी लँडलाइनला देऊन टाकलेली. त्याला दोष देऊ का? तेव्हा नेट होतं ८ एमबीपीएसचं, दोन जोड्या रिकाम्याच पडल्या होत्या, त्याने डोकं चालवलं. लँडलाइन कधीच बंद झाली, सॉकेटवर आता कॅलेंडर लटकतं. दोन्ही टोकांना निळी जोडी जागेवर आणून परत क्रिंप केली, पहिल्यांदा रंगाची अदलाबदल झाली म्हणून अजून दोन कनेक्टर वाया घालवले, आणि तीन नंबरला स्पीड १०००. पीसीवर २९० च्या पुढे.

तर अर्धा मार्क कापलाय तो पट्टीचा. १५० रुपये वेगळे घ्यायचे तर निदान स्क्रू तरी द्यायचे, एका बाजूचा नव्हताच, मी हार्ड डिस्कचा एक लावलाय. बाकी घ्यायचं असेल तर शनिवारी दुपारी जाऊ नका, चालायला जागा नसते, आणि कार्ड घेतल्या दिवशीच बसवून टेस्ट करा, माझ्यासारखं पाचव्या दिवसापर्यंत थांबू नका. सहाव्या दिवशी दुकानदाराला सांगायला फोन केला की कार्ड ठीक आहे, तर त्याला मी कोण हेच आठवेना, आणि विचारतो कसा, "कितने पीस चाहिए?"