डोंगरी नदीचा आठ-वेट फ्लाय रॉड कोकणच्या खाडीत: मे ते जानेवारीचा अनुभव

संच असा: नऊ फुटी, चार तुकड्यांचा, आठ-वेट ग्राफाइट रॉड; मोठ्या चाकाची ॲल्युमिनियमची रील, ड्रॅग, म्हणजे मासा ओढताना लाइन सोडणारा ब्रेक, बंदिस्त; आणि सोबत मिळालेली फ्लोटिंग, म्हणजे पाण्यावर तरंगणारी, लाइन. खोक्यावर चित्र बर्फ वितळून फुगलेल्या डोंगरी नदीचं. ब्रँड मुद्दाम देत नाही, कारण या वर्गातले रॉड एकाच माळेचे मणी आहेत आणि खाली लिहिलेलं बहुतेकांना लागू पडेल. दहापैकी गुण द्यायचे तर रॉडला आठ, रीलला सात आणि सोबतच्या लाइनला दोन.

नवख्यांसाठी एक खुलासा. आठ-वेट हे रॉडचं वजन नव्हे. तो ज्या लाइनसाठी बनला, तिच्या पहिल्या 30 फुटांचं वजन ठरलेलं असतं: 210 ग्रेन, म्हणजे सुमारे 13.6 ग्रॅम. नेहमीच्या गरवण्यात शिशाचं वजन दोरी ओढत नेतं. इथे फ्लायला, म्हणजे गळावर केस-पिसं बांधून केलेल्या नकली आमिषाला, जवळजवळ वजनच नसतं, लाइनच तिला घेऊन जाते. म्हणून लाइन चुकली की महागातला महाग रॉडसुद्धा वेताची काठी होतो.

सोबतच्या लाइनला दोनच गुण का? ती थंड पाण्याची लाइन आहे. आतला गाभा विणलेल्या मऊ धाग्याचा, वरचं आवरणही मऊ, म्हणजे पाच-दहा अंश तापमानाच्या पाण्यात ती कडक होऊन वेटोळी धरत नाही. मे महिन्यात रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीत दुपारी हीच लाइन उकडलेल्या शेवयांसारखी लोळते. रॉडवरच्या कड्यांना चिकटते, बोटांना चिकटते, आणि 60 फुटांच्या फेकीतले शेवटचे 15 फूट कड्यांतून निघतच नाहीत. फेकणाऱ्याला वाटतं आपला हात चुकतोय. उपाय एकच, उष्ण कटिबंधाची लाइन. तिचा गाभा एकसंध नायलॉनचा, आवरण कडक. लाइन बदलल्यावर त्याच रॉडची फेक लगेच सुधारली. उलट ही उष्ण कटिबंधाची लाइन एप्रिलमध्ये हिमाचलातल्या तीर्थन किंवा बियासवर नेली, तर रीलवरून स्प्रिंगसारखी सुटेल. दोन्हीकडे जायचं असेल तर दोन लाइनी आणि एक जादा स्पूल, म्हणजे लाइन गुंडाळायचं रीलचं चाक, घ्यावा, दुसरा रॉड नको.

फ्लोटिंगपेक्षा इंटरमीडिएट, म्हणजे सेकंदाला दीड-दोन इंच बुडणारी लाइन, इथे जास्त कामाची ठरली. पावसाळ्यात खाडीत वरच्या थरात हलकं गढूळ गोडं पाणी असतं आणि खाली जड खारं पाणी. फ्लोटिंग लाइनवर फ्लाय वरच्या चहातच पोहत राहते. इंटरमीडिएटवर ती दहा-बारा सेकंद बुडू दिली की थर ओलांडते. मात्र लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांच्यामधला दोरा, आखूड हवा, चार-पाच फुटी. नऊ फुटी लावला तर लाइन खाली जाते आणि फ्लाय वरच तरंगत मागून येते. फ्लोटिंगला नऊ-साडेनऊ फुटी लीडर ठीक: 40 पौंड ताकदीचा चार फूट, 30 चा दोन फूट, 20 चा दोन फूट आणि टोकाला 40 पौंडी फ्लोरोकार्बन दीड फूट. हा शेवटचा जाड तुकडा टाळू नका. जिताड्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी असते, तांबोशीला सुळे असतात, आणि कालवं लागलेल्या कातळावर घासून 20 पौंडी टिपेट, म्हणजे लीडरचा टोकाकडचा बारीक भाग, एका झटक्यात जातं.

बर्फाच्या पाण्याची विद्या खाडीत किती चालते? बरीच, आणि इथेच हा रॉड आवडला. हिमालयात दिवसा बर्फ वितळतं, संध्याकाळी पाणी चढतं आणि पहाटे ते सर्वांत कमी व निवळ असतं. फुगलेल्या पाण्यात ट्राउट मधल्या धारेत थांबत नाही. काठाला, दगडाआड, बाजूचा ओढा मिळतो तिथे थांबते. फेक 20 ते 35 फुटांची, फ्लाय जड. जून-जुलैत शास्त्री, काजळी, कर्ली या खाड्यांत हेच करायचं. सड्यावरून, म्हणजे कातळपठारावरून, उतरणारे वहाळ पाऊस थांबला की मुख्य नदीच्या आधी निवळतात. त्यांचं स्वच्छ पाणी गढूळ खाडीत शिरतं तिथे रंगाची रेघ दिसते. फ्लाय त्या रेघेच्या गढूळ बाजूला टाकून स्वच्छ बाजूकडे ओढायची. त्याहून खात्रीची जागा म्हणजे खारबंदिस्तीची उघाडी, खारं पाणी अडवणाऱ्या बांधातलं दार. ओहोटीला खाजणातलं पाणी उघाडीतून सुटतं, सोबत कोळंबी आणि बोयची पिल्लं येतात, आणि जिताडा त्या खळाळाच्या कडेला तोंड करून उभा असतो. पाग, म्हणजे फेकजाळं, टाकणारे ही जागा पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. ते आधीपासून उभे असतील तर पुढची उघाडी शोधावी. मागे हवेत 40 फूट लाइन फिरवणारा माणूस कुणालाच शेजारी नको असतो.

वेळ मात्र सूर्यावर नाही, तिथीवर. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते: पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. हे मुखाशी. खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा येते, आणि पुराचं पाणी असेल तर ओहोटी लांबते, भरती आखडते. उधाणाला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरती-ओहोटीला, उघाडीवर धार इतकी जोरकस असते की आठ-वेटची लाइन धनुष्यासारखी वाकून फ्लाय ओढली जाते. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या, आधीचे दोन-तीन दिवस जास्त बरे. वाशिष्ठीचा हिशेब निराळा आहे. कोयना प्रकल्पात वीज तयार झाल्यावर सुटणारं पाणी तिला येऊन मिळतं, त्यामुळे भर मे महिन्यातही तिथे गोड्या पाण्याचा प्रवाह असतो आणि तो वीजनिर्मितीप्रमाणे कमी-जास्त होतो. आकाश कोरडं असताना पाणी चढताना दिसलं तर चक्रावू नका, काठाकडे सरका. घाटात जोराचा पाऊस झाला तर कोकणातल्या सगळ्याच नद्यांना काही तासांत लोंढा येतो. त्या आखूड आहेत, हिमालयातल्यासारखी उसंत देत नाहीत. संपूर्ण खाडी मुखापर्यंत लाल झाली की दोन-तीन दिवस रॉड घरीच बरा.

फ्लाय. क्लाउझर मिनो, म्हणजे धातूचे जड डोळे बांधलेली छोट्या माशासारखी फ्लाय, 1/0 किंवा 2/0 गळावर, डोळ्यांचं वजन पाऊण ते दीड ग्रॅम. निवळ पाण्यात पोपटी-पांढरी, गढूळात काळी-जांभळी, कारण तिथे रंग नाही, सावली दिसते. हरणाच्या शेपटीचे केस महाग पडतात. बकरीचे लांब केस चालतात, फक्त ते भिजल्यावर जास्त बसतात, म्हणून थोडे जास्त बांधावेत. पुरात पातेरा आणि काटक्या वाहत येतात, तेव्हा गळासमोर 20 पौंडी नायलॉनचा वेढा द्यावा, नाहीतर दर फेकीला पान निघतं. दीड ग्रॅमची फ्लाय सरळ डोक्यावरून पुढे-मागे फेकली की कधीतरी मानेत बसते. मागची फेक आडवी, पुढची उभी, असा लंबगोल ठेवा. वाऱ्याचंही गणित आहे. पश्चिमेकडे तोंड करून उभं राहिलं तर पावसाळी नैर्ऋत्य वारा डाव्या अंगाने येतो आणि उजव्या हाताने फेकणाऱ्याची लाइन अंगापासून दूर ठेवतो. ऑक्टोबरनंतर दुपारी वायव्येचा वारा सुटला की तीच लाइन कानाशी येते. तेव्हा पाठ समुद्राकडे करून मागची फेक सोडावी किंवा सरळ सकाळी जावं.

ट्राउटवर हात बसलेल्यांची सगळ्यात मोठी चूक गळ बसवताना होते. तिथे रॉड उचलतात. इथे रॉड उचलला की जिताड्याच्या कडक तोंडातून फ्लाय घसरून बाहेर येते. रॉडचं टोक पाण्याकडे ठेवून लाइन डाव्या हाताने लांब, घट्ट ओढायची. गळ बसल्यावर मगच रॉड. जिताडा उडी मारेल तेव्हा रॉड त्याच्याकडे झुकवून लाइन सैल सोडायची. तांबोशीला ही सवलत देऊ नका. ती पहिल्याच झेपेत तिवराच्या मुळांत शिरते, पहिल्या दोन मीटरांत काय ते ठरतं. ड्रॅग टिपेटच्या ताकदीच्या पावपट ठेवावा, म्हणजे 20 पौंडाला सव्वादोन किलोच्या आसपास. अंदाज नको, सामान तोलायचा स्प्रिंगकाटा लावून मोजा. या रीलचा ड्रॅग सव्वादोन किलोपर्यंत न अडखळता सुटतो, त्यापुढे धक्के देतो. खाडीत चालून जातं. मुखाशी मोठ्या रावसावर जायचं असेल तर दहा-वेट संच घ्या.

आता खारं पाणी. रॉडच्या कांडीला काहीही होत नाही, होतं ते धातूला. चौथ्या महिन्यात खालच्या दोन कड्यांच्या पायांशी, इपॉक्सीच्या आत तपकिरी ठिपके आले. डोंगरी नदीत हे वर्षानुवर्षं दिसणार नाही. वरून पुसून उपयोग नाही. कडी सोडवून नवी बांधावी लागते. रीलच्या बैठकीची फिरकी रील न काढता धुतली तर आत मीठ राहतं आणि पंधरवड्यात ती हलेनाशी होते. त्यामुळे घरी आल्याबरोबर रील वेगळी करायची, ड्रॅग घट्ट करून साध्या नळाच्या हलक्या धारेखाली धुवायची, मग स्पूल काढून सुकवायचा आणि ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवायचा. जोराचा फवारा मारू नका, तो मीठ बेअरिंगमध्ये ढकलतो. बॅकिंगचा, म्हणजे लाइनच्या मागे रीलवर गुंडाळलेल्या जादा दोरीचा, डेक्रॉन मीठ धरून ठेवतो. महिन्यातून एकदा ती सगळी सोडून कोमट पाण्यात भिजवावी.

जोडांत गाळ आणि मीठ बसलं की रॉडचे तुकडे अडकतात. जोडाच्या आतल्या भागावर मेणबत्तीचं मेण हलकं घासलं की अडकणं थांबतं आणि फेकताना जोड सैलही होत नाही. तरी दर वीस-तीस फेकींनंतर जोड चाचपावेत. सैल जोडावर फेकलं तर तुकडा तिथेच उभा चिरतो. ओला रॉड नळकांड्यात बंद केला तर जुलैच्या दमट हवेत कॉर्कच्या मुठीला दोन दिवसांत बुरशी येते आणि वार्निशला फोड. कापडी पिशवीसुद्धा वेगळी वाळवा. वापरलेली फ्लाय परत डब्यात ठेवू नका. एक ओला गळ बाकीच्या वीस गळांना गंज लावतो.

तिवरांत डास असतातच, म्हणून क्रीम लावली जाते. तिच्यातलं डीट लाइनचं आवरण खातं. लावायची तर मनगटाच्या वर, आणि मग बोटं साबणाने धुवायची. ओढलेली लाइन पायाशी चिखलात पडली की कालवांवर कापली जाते. कमरेला दोरीने बांधलेला प्लास्टिकचा टब आणि त्याच्या तळाला उभ्या केलेल्या सहा-सात केबल टाय, एवढ्याने गुंता आणि कापणं दोन्ही टळतं. टबात दोन बोटं पाणी ठेवलं तर लाइन उन्हात तापतही नाही.

जिताडा आधी नर असतो आणि वाढत गेल्यावर मादी होतो, म्हणून मोठा जिताडा म्हणजे बहुधा मादीच, आणि पावसाळा हा तिचा अंडी घालायचा काळ. बाजारभाव बघता तो सोडा असं कोकणात सांगणं सोपं नाही. तरी गळाचा काटा पक्कडीने दाबून टाकावा, म्हणजे निदान लहान मासा तरी न फाटता सुटतो.

ग्राफाइट विजेचा चांगला वाहक आहे. मेच्या वळवात आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात पहिला गडगडाट ऐकताच रॉड आडवा ठेवून उघड्या बांधावरून निघायचं. टोकाचा तुकडा मोडला, तेव्हा नवा कंपनीकडून यायला दीड महिना लागला आणि जोड किंचित ढिला निघाला. रॉड घेतानाच टोकाचा एक तुकडा जादा मागून तिथल्या तिथे बसवून पाहा.