द विचर ३ : फुलस्क्रीन ठेवावे की बॉर्डरलेस?

द विचर ३ हा भूमिकाप्रधान संगणकीय खेळ मे २०१५ मध्ये आला तेव्हा डिस्प्ले मोडचा, म्हणजे खेळाचे चित्र पडद्यावर कसे मांडावे याचा, प्रश्न सोपा होता. वेग हवा असेल तर फुलस्क्रीन, ज्यात खेळ सगळ्या पडद्याचा ताबा घेतो, आणि सोय हवी असेल तर बॉर्डरलेस विंडो, म्हणजे पडदाभर पसरलेली बिनचौकटीची खिडकी, एवढे सांगितले की काम भागत असे. डिसेंबर २०२२ मधील मोठ्या अपडेटनंतर मात्र या खेळाच्या डायरेक्टएक्स ११ आणि डायरेक्टएक्स १२ (डीएक्स ११ व १२; खेळाला ग्राफिक्स कार्डाशी जोडणारे विंडोजचे तंत्र) अशा दोन आवृत्त्या एकाच फोल्डरात शेजारी शेजारी नांदू लागल्या, आणि दरम्यानच्या काळात विंडोजनेही खेळाचे चित्र पडद्यापर्यंत नेण्याची आपली रीत बदलली. जुना सल्ला अजूनही जसाच्या तसा दिला जातो, पण तो ज्या यंत्रणेकडे पाहून दिला जात असे, तिच्यातील बराचसा भाग आता जागेवर राहिलेला नाही. मी हा खेळ दोन्ही मोडमध्ये पुष्कळ खेळलो आहे आणि शेवटी एका मोडवर स्थिरावलो आहे. तो कोणता हे पुढे ओघाने येईलच, तथापि दुसरी बाजूही शक्य तितकी नीट मांडण्याचा प्रयत्न करतो.

चौकटीसह दिसणारी साधी विंडो हा तिसरा पर्याय मी तुलनेत धरलेला नाही. पडद्याच्या एका कोपऱ्यात लहान आकारात खेळ चालवून काही तपासून पाहायचे असेल तर तो उपयोगी पडतो. तासन्‌तास खेळण्यासाठी कोणी तो निवडेल असे मला वाटत नाही.

प्रथम फुलस्क्रीनच्या बाजूने. विंडोज व्हिस्टापासून डेस्कटॉपवरील प्रत्येक खिडकीचे चित्र एकत्र जुळवून पडद्यावर मांडण्याचे काम डेस्कटॉप विंडो मॅनेजर नावाची यंत्रणा करते आणि विंडोज ८ पासून ती बंदही करता येत नाही. विंडोत चालणाऱ्या जुन्या खेळाची प्रत्येक फ्रेम, म्हणजे एकेक चित्र, आधी या यंत्रणेच्या ताब्यातील जागेत नकलून ठेवली जाई आणि मग पडद्यावर येई. आमटी आधी पातेल्यातून भांड्यात काढायची आणि मग पंगतीत वाढायची, तसा हा प्रकार होता. खऱ्या अर्थाच्या फुलस्क्रीनमध्ये मधले भांडे नसे, कारण खेळ पडद्याचा थेट ताबा घेत असे. त्यामुळे थोडा वेग वाढे आणि माऊसचा जडपणा कमी होई. हा जडपणा साधारणपणे एका फ्रेमइतका धरला, तर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या, म्हणजे ६० हर्ट्‌झच्या मॉनिटरवर तो सुमारे १६.७ मिलिसेकंद भरतो आणि १४४ हर्ट्‌झवर सुमारे ६.९. नेमबाजीच्या स्पर्धात्मक खेळात ६० हर्ट्‌झवरचा हा फरक हाताला कळतो असे म्हणणारे खेळाडू आहेत आणि त्यांच्याशी वाद घालण्याचे मला कारण नाही. गेराल्टच्या, म्हणजे खेळाच्या नायकाच्या, तलवारीच्या वारात मात्र तो मला कधी जाणवला नाही. अर्थात हे माझ्या हाताचे मत आहे, यंत्राने घेतलेले मोजमाप नव्हे.

आता बदल कोठे झाला ते पाहू. विंडोज ८ च्या सुमारास फ्लिप पद्धत आली आणि विंडोज १० मध्ये ती रुळली. या पद्धतीत फ्रेमची नक्कल न करता तीच फ्रेम पुढे सरकवली जाते, म्हणजे मधले भांडे बॉर्डरलेसमध्येही बहुतांशी गळून पडते. त्यातच विंडोज १० ने ‘फुलस्क्रीन ऑप्टिमायझेशन’ ही सोय आणली, जिच्यामुळे खेळाच्या मेनूत फुलस्क्रीन असे लिहिलेले असले तरी आत पुष्कळदा बॉर्डरलेसच्याच जातीची व्यवस्था चालू असते. ज्यांना जुना, खराखुरा ताबा घेणारा फुलस्क्रीन हवा आहे त्यांना विचर३ डॉट एक्सई या फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये, कंपॅटिबिलिटीच्या पानावर ही सोय बंद करावी लागते. ही फाइल बिन फोल्डरातील एक्स६४ मध्ये डीएक्स ११ साठी आणि एक्स६४_डीएक्स१२ मध्ये डीएक्स १२ साठी अशी दोन ठिकाणी असते, एवढे लक्षात ठेवावे.

डीएक्स १२ मध्ये तर हा खटाटोप करून हाती काही लागत नाही, कारण त्या तंत्रात जुन्या अर्थाचा एकाधिकारी फुलस्क्रीन मुळातच नाही. तेथे फुलस्क्रीन निवडले काय आणि बॉर्डरलेस निवडले काय, चित्र पडद्यावर जाण्याची वाट जवळजवळ एकच असते. म्हणून रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्यांची खरीखुरी गणना) किंवा डीएलएसएस (लहान चित्र मोठे करून वेग वाढवणारे एनव्हिडियाचे तंत्र) यांसाठी जे डीएक्स १२ वापरतात, त्यांनी केवळ वेगाच्या आशेने फुलस्क्रीनला चिकटून राहण्यात फारसे तथ्य नाही असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते. खरी निवड डीएक्स ११ वापरणाऱ्यांपुढे आहे, आणि मध्यम किंवा जुन्या संगणकावर या खेळाची तीच आवृत्ती अधिक सरळ चालते असा माझा अनुभव आहे.

डीएक्स ११ मध्ये फुलस्क्रीनच्या पारड्यात एक वजनदार गोष्ट आहे आणि ती म्हणजे रिझोल्यूशन, अर्थात चित्रातील पिक्सेलची संख्या. बॉर्डरलेसमध्ये मॉनिटर डेस्कटॉपच्याच रिझोल्यूशनवर राहतो, त्यामुळे खेळ खालच्या रिझोल्यूशनवर उतरवायचा तर आधी डेस्कटॉपच खाली आणणे हाच सरळ मार्ग उरतो. फुलस्क्रीनमध्ये तो बदल खेळ स्वतः करतो. १९२० × १०८० च्या एका फ्रेममध्ये सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात आणि १६०० × ९०० मध्ये १४.४ लाख. म्हणजे ग्राफिक्स कार्डावरील पिक्सेलचा भार जवळजवळ तीस टक्क्यांनी उतरतो. जे कार्ड १०८० वर व्हेलेन प्रांतातील क्रुकबॅक बॉग या दलदलीत धापा टाकते, ते ९०० वर बऱ्यापैकी श्वास घेऊ लागते, हे मी एका जुन्या कार्डावर पाहिले आहे. चित्र किंचित धुरकट होते, पण दलदलीत धुके मुळातच असते.

हा अपवाद सोडला तर मोड बदलून मिळणारा वेग आणि योग्य सेटिंग उतरवून मिळणारा वेग यांची तुलनाच होत नाही. हेअरवर्क्स (केस हुबेहूब दाखवणारी सोय) बंद केले किंवा निदान फक्त गेराल्टपुरते ठेवले, झाडीझुडपे किती दूरवर दिसावीत हे एक पायरी खाली आणले, आणि नोव्हिग्राड शहराच्या बाजारात प्रोसेसर दमत असेल तर रस्त्यावरच्या माणसांची संख्या कमी केली, की जे मिळते ते कोणताही डिस्प्ले मोड देत नाही. फुलस्क्रीन केल्याने आपले वीस एफपीएस (दर सेकंदाच्या फ्रेम) वाढले असे कोणी सांगितले, तर मागे चालू असलेला ब्राउझरमधील व्हिडिओ त्याच वेळी थांबला होता का, हे मी आधी विचारीन.

आता ज्या एका त्रासाने माझा निर्णय केला त्याकडे वळतो. कळफलकावर हा खेळ खेळणाऱ्यांना माहीत असेल की मूळ मांडणीत डाव्या ऑल्टने गेराल्ट झटकन बाजूला सरकतो, स्पेसने लोळण घेतो, आणि टॅबने ते गोल चक्र उघडते ज्यातून साइन (आर्ड, क्वेन यांसारखे जादूचे मंत्र), बॉम्ब किंवा क्रॉसबो निवडता येतो. ही मांडणी वाईट नाही, बोटे तिला लवकर सरावतात. फक्त विंडोजच्या दृष्टीने ऑल्ट आणि टॅब एकत्र दाबले जाणे म्हणजे ‘मला दुसऱ्या खिडकीत जायचे आहे’ अशी आज्ञा आहे. ड्राउनर या पाणराक्षसांचा घोळका अंगावर आलेला असताना माणूस एकाला चुकवतो आणि लगेच आर्डवरून क्वेनवर जाण्यासाठी चक्र उघडू पाहतो. ऑल्टवरचे बोट पुरते उचलले जाण्याआधी टॅब दाबला जातो, आणि ज्या क्षणी खेळाने सर्वाधिक लक्ष मागितलेले असते नेमक्या त्याच क्षणी समोर डेस्कटॉप उभा राहतो.

बॉर्डरलेसमध्ये असे झाले तर एखादी दुसरी खिडकी क्षणभर पुढे येते. पुन्हा ऑल्ट-टॅब केले की आपण होतो तेथे परत पोहोचतो, आणि मधल्या वेळात खेळाचे चित्रही मागे दिसत राहते. फुलस्क्रीनमध्ये, आणि विशेषतः खेळाचे रिझोल्यूशन डेस्कटॉपपेक्षा वेगळे ठेवले असेल तेव्हा, मॉनिटरला आपली स्थिती बदलावी लागते. पडदा काळा होतो, खेळ खाली टास्कबारमध्ये जाऊन बसतो, आणि परत बोलावले की पडदा पुन्हा काळा होतो. दोन-तीन सेकंदांचीच ही बाब आहे हे मान्य, पण लढाईची लय दोन सेकंदांत जाते आणि मोठ्या आवाजातील संगीत काळ्या पडद्यावर वाजत राहते तेव्हा चिडचिड सेकंदांत मोजली जात नाही. माझ्या एका जुन्या मॉनिटरला तर सिग्नल पुन्हा ओळखायला इतका वेळ लागे की तोवर मी खुर्ची मागे सारून बसत असे.

यावर एक सोपा उपाय आहे आणि तो लपवून ठेवणे बरोबर होणार नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन बाजूला सरकण्याचे बटण बदलावे, अपघाती ऑल्ट-टॅब तेथेच संपतो. कंट्रोलरवर खेळणाऱ्यांना तर ही अडचण येणारच नाही, आणि त्यांच्यापुरते माझ्या म्हणण्याचे निम्मे वजन कमी झाले असे समजावे.

निम्मेच म्हणतो, कारण उरलेले निम्मे जाणूनबुजून केलेल्या ऑल्ट-टॅबचे आहे. हा एका बैठकीत संपणारा खेळ नाही. मूळ कथानकानंतर स्केलिगेची बेटे पालथी घालावीत, मग २०१६ मध्ये आलेल्या विस्तारातले टूसाँ गाठावे, असा त्याचा पसारा आहे. या पसाऱ्यात माणूस सतत बाहेर डोकावतो. ग्वेंट या खेळातल्या पत्त्यांच्या डावाचे हुकलेले पत्ते कोणाकडे मिळतील, ग्रिफिन पंथाच्या चिलखताचे नकाशे कोठे पुरलेले आहेत, एखाद्या संवादात घेतलेला पक्ष पुढे कोणाच्या जिवावर उठतो, हे सारे पाहावेसे वाटते. मोबाइलवर पाहता येते हे खरे आहे, पण दुसरा मॉनिटर शेजारी असताना मोबाइलच्या बोटभर पडद्यावर नकाशा कोण ताणत बसेल? बॉर्डरलेसमध्ये शेजारच्या पडद्यावर नकाशा उघडा ठेवून खेळ पुढे दिसत राहतो. फुलस्क्रीनमध्ये त्या नकाशावर एक टिचकी मारली की खेळ खाली जाऊन बसतो. भूमिकाप्रधान खेळाच्या बाबतीत मला ही गोष्ट पाच-सात एफपीएसपेक्षा महत्त्वाची वाटते.

दोन मॉनिटरांचा विषय निघालाच आहे तर बॉर्डरलेसची एक जुनी खोड सांगणे आवश्यक आहे. एक मॉनिटर १४४ हर्ट्‌झचा आणि दुसरा ६० चा असेल, तर पूर्वी दुसऱ्यावर व्हिडिओ चालू होताच पहिल्यावरचा खेळ अडखळू लागे. विंडोज १० च्या २००४ या आवृत्तीपासून ही स्थिती बरीच सुधारली. २००४ हा आवृत्तीचा क्रमांक आहे, साल नव्हे. ती मे २०२० मध्ये आली. त्यापूर्वीच्या विंडोजवर कोणी अजून असेल आणि दोन वेगळ्या रिफ्रेश रेटचे मॉनिटर वापरत असेल, तर त्याने माझे न ऐकता फुलस्क्रीनच ठेवलेले बरे.

बॉर्डरलेसचा एक गुण मात्र फारसा सांगितला जात नाही. चित्र जुळवून मांडण्याचे काम विंडोज करत असेल तेव्हा खेळातील व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या तालावर आणणारी सोय) बंद ठेवूनही पडदा मधोमध फाटल्यासारखा सहसा दिसत नाही. फुलस्क्रीनमध्ये व्ही-सिंक बंद केले की घोड्यावरून कॅमेरा फिरवताना झाडांचे बुंधे तुटलेले दिसतात, आणि चालू केले की ६० पेक्षा किंचित कमी फ्रेम देणाऱ्या संगणकावर चाल जड वाटू लागते.

बॉर्डरलेस निवडणार असाल तर तीन गोष्टी आधी पाहून घ्याव्यात, नाहीतर तुलना अन्यायाची होईल. विंडोज ११ मध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमधील ग्राफिक्स या भागात विंडोतील खेळांसाठीचे ऑप्टिमायझेशन हा पर्याय असतो. तो डीएक्स १० आणि डीएक्स ११ च्या खेळांना जुन्या नकलेच्या पद्धतीवरून फ्लिप पद्धतीवर आणतो, आणि चालू केल्यावर खेळ बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. दुसरी गोष्ट १४४ हर्ट्‌झच्या मॉनिटरची. खेळातील ६० ची मर्यादा त्यावर समान बसत नाही, कारण १४४ ला ६० ने पूर्ण भाग जात नाही. डॉक्युमेंट्समधील द विचर ३ या फोल्डरात यूजर डॉट सेटिंग्ज नावाची फाइल असते, तिची प्रत काढून ठेवून लिमिटएफपीएसची किंमत ७२ केली तर प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा दिसते आणि चाल एकसारखी वाटते. संगणकाला ७२ सातत्याने झेपत असतील तरच हे करावे. तिसरी गोष्ट एनव्हिडिया कार्ड आणि जी-सिंक (मॉनिटरला फ्रेमच्या तालावर आणणारे तंत्र) वापरणाऱ्यांसाठी आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये जी-सिंक केवळ फुलस्क्रीनसाठी चालू ठेवण्याचा आणि विंडो व फुलस्क्रीन दोन्हींसाठी चालू ठेवण्याचा असे दोन वेगळे पर्याय असतात. पहिला निवडलेला राहिला तर बॉर्डरलेसमध्ये खेळ अडखळतो आणि दोष विनाकारण मोडवर जातो.

ज्यांचे कार्ड जुने आहे, मॉनिटर एकच आहे, हातात कंट्रोलर आहे आणि ९०० वर उतरल्याशिवाय खेळ चालत नाही, त्यांच्यासाठी डीएक्स ११ आणि फुलस्क्रीन ही जोडी आजही योग्यच आहे. बाकीच्यांनी निदान नोव्हिग्राडचा बाजार आणि ड्राउनरांची एखादी लढाई बॉर्डरलेसमध्ये खेळून पाहावी, आणि त्या लढाईत ऑल्ट सोडण्याआधी टॅबवर बोट जाते का इकडे थोडे लक्ष ठेवावे.