रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा: एआयसोबत सात महिने

दिवाळीच्या सुमारास फोनवर हे एआय घेतलं, आता मिरग दारात आलाय. पहिले दोन महिने फुकटातलं वापरलं, मग पैसे भरून. फोटो दाखवणं, आवाजात बोलणं यातलं काही केलं नाही. नुसतं लिहायचं आणि वाचायचं, त्यामुळे हा अनुभव अक्षरांपुरताच.

काम दशावताराचं, म्हणजे आमच्या कोकणातल्या लोकनाट्याचं. कुडाळजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे, आणि रात्री गावातल्या हौशी मंडळाच्या पोरांकडून संवादांची तयारी करून घेतो. दशावतारात लिहून आणलेले संवाद नसतात. आख्यान ठरतं, कोण कुठला राजा ते ठरतं, पुढचं सगळं ज्याच्या त्याच्या जिभेवर. दोन राजे समोरासमोर आले की दाखल्याला दाखला द्यावा लागतो. उपमा आटली की नट उघडा पडतो. सरावाला कुणीतरी न कंटाळणारा हवा होता.

पहिली परीक्षा साक्याची घेतली. हापूस बाहेरून सोन्यासारखा, कापला की बाठ्याजवळ पांढुरका, आंबट, भुसभुशीत गर: हा साका. विचारलं, ‘दुर्योधन म्हणजे साका पडलेला हापूस, असं विदुर म्हणाला तर?’ अर्थ अचूक सांगितलाच, वर धृतराष्ट्रासाठी एक वाक्य दिलं: ‘महाराज, झाड तेच ठेवून साका जात नाही, कलमच दुसरं बांधावं लागतं.’ मी चाट पडलो. कारण खरोखर तसंच झालंय. नीलम आणि हापूसचा संकर करून वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने 1981 साली ‘रत्ना’ आणला, त्यात साका नाही. लगेच पुढच्या ओळीत मात्र ‘वास घेतला असता तर आधीच कळलं असतं’ असं ठोकून दिलं. साका वासावरून कळला असता तर आमच्या बागायतदारांनी एवढी वर्षं बोटं कशाला मोडली असती?

तरी एकंदरीत रूपक त्याला कळतं, हे मी मान्य करून टाकलं. गडबड निघाली ती भलत्याच ठिकाणी.

थंडीत मालवणकडचा एक मच्छीमार दुकानात आला आणि म्हणाला, ‘काल रात्री पाणी पेटलला.’ मी ते वाक्य तसंच्या तसं टाकलं. उत्तर आलं: पाणीवाटपावरून वाद चिघळला असावा. पेपरात ‘पाणी पेटलं’ त्याच अर्थाने छापतात, तेव्हा चूक म्हणावी तर म्हणवत नाही. पण त्याने डोळ्यांनी पाहिलं तेच सांगितलं होतं: रात्री लाट फुटली की निळा उजेड. ‘अहो, खरंच पेटलं होतं’ एवढंच लिहिलं, तर लगेच नॉक्टिल्युका नावाचा एकपेशीय जीव, पाणी ढवळलं की तो चमकतो, सगळं बयाजवार सांगितलं. म्हणजे माहिती पोटात होती. वाक्य सरळ असू शकतं, हा संशय तेवढा आला नाही.

पुढे आमची जुनी म्हण घातली: रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा. यावर सुंदर निबंध आला. कीर्ती क्षणभंगुर, सत्तेमागे जबाबदारीचं ओझं, वगैरे. मी तो आमच्या आबांना वाचून दाखवला. आबांनी चाळीस वर्षं राजा केला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, ‘बरा लिवल्यान. पण ह्यात आमचो पेटारो खंय?’

बोजा म्हणजे पेटारा. रात्रभर मुकुट घालून नाचलेला राजा पहाटे तोच मुकुट पेटाऱ्यात भरून, पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या गावाला चालत जायचा. अलंकार नाही, हमाली.

मम्मटाच्या ‘काव्यप्रकाश’ या संस्कृत काव्यशास्त्राच्या ग्रंथात लक्षणेची, म्हणजे सरळ अर्थ सोडून दुसरा घेण्याची, पहिली अट मुख्यार्थबाध आहे. सरळ अर्थ अडला पाहिजे, मगच दुसरा शोधायचा. ‘गंगेवर गवळीवाडा’ म्हटलं की वाडा पाण्यावर उभा राहत नाही म्हणून काठ घ्यायचा. हे एआय सरळ अर्थ अडलाय की नाही हे बघायला थांबतच नाही, वाक्य जरा रंगीत दिसलं की लक्षणेवर उडी. आमच्या पोरांना अभिधा, म्हणजे सरळ अर्थाची वाट, येते, लक्षणा शिकवावी लागते. याचं उलटं.

काही जण म्हणतात, शरीर नाही, समुद्र पाहिला नाही, त्याला उपमा काय कळणार? मन आणि भाषेचे अभ्यासक स्टेव्हन हारनॅड यांनी 1990 मध्ये हाच मुद्दा मांडला होता: चिनी येत नसताना नुसत्या चिनी-चिनी शब्दकोशातून चिनी शिकायला बसलात, तर एका खुणेवरून दुसऱ्या खुणेवर फिरत राहाल. मला हे अर्धंच पटतं. क्षीरसागर मी तरी कुठे पाहिलाय? इंद्राचा ऐरावतही नाही. तरी आयुष्यभर त्यांच्याच उपमा देतोय आणि समोरच्याला पोचतायत. ऐकीव गोष्टींवर बराच संसार चालतो. पेटाऱ्याचं वजन मात्र ऐकून मानेत येत नाही, आणि आबांची मान अजून दुखते.

आता यातही एक गोम आहे. हल्ली पेटारा टेम्पोतून जातो. आजच्या पोरांच्या तोंडी ही म्हण खरंच रूपक झालीय. म्हणजे निबंध चुकला की चाळीस वर्षं पुढचा निघाला, यावर आबांचं आणि माझं अजून जमलेलं नाही.

बाकी किरकोळ: मालवणी समजतं, लिहिताना मात्र पुणेरी वळणावर जातं. दशावतारातलं विनोदी पात्र शंकासुर, त्याच्या तोंडी घालण्यासारखं एकही वाक्य मिळालं नाही. राजांच्या भारदस्त संवादांना उत्तम. पैसे भरतोय, पुढच्या हंगामातही भरेन.

एक तोड सापडलीय. प्रत्येक प्रश्नाआधी लिहितो: ‘हे अक्षरशः घडू शकतं का ते आधी बघ, शंका असेल तर विचार.’ गेल्या आठवड्यात नुसतं ‘दर्या खवळलाय’ लिहिलं, तर उलट विचारलं, ‘समुद्राबद्दल बोलताय की कुणाच्या रागाबद्दल?’ मी लिहिलं, समुद्राबद्दल. 1 जूनला मासेमारीची पावसाळी बंदी लागली, होड्या वर ओढून ठेवल्यात.