बिनलेबलची बाटली आणि माझी गच्ची

रक्कम आधीच सांगून टाकते. ९,७०० रुपये. कशासाठी, तर गच्चीवरची आठ-दहा टमाटराची झाडं, थोडी वांगी, भेंडी आणि दोन टबांतला सांभार, म्हणजे कोथिंबीर. आमच्या ह्यांनी कागदावर हिशेब मांडून दाखवला की तेवढ्या पैशांत नागपूरच्या कॉटन मार्केटातून कितीतरी महिने भाजी आली असती, आणि ऑटोचं भाडंही त्यातच निघालं असतं. तो कागद अजून फ्रिजवर लावलेला आहे.

मी मानेवाड्याला राहते. ३२ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. हे मुद्दाम सांगते, कारण ही गोष्ट ऐकून "तुम्ही शिकलेल्या असून?" असं विचारणारे पुष्कळ भेटले. हो, शिकलेली असून.

एप्रिल महिना होता. दुपारचा पारा ४३-४४ला टेकलेला. आमचा स्लॅब असा तापतो की रात्री दहालाही अनवाणी पाय ठेववत नाही. सकाळी घातलेलं पाणी अकरापर्यंत कुंडीतून गायब. तेही चाललं असतं, पण एका संध्याकाळी वादळ आलं आणि पंधरा-वीस मिनिटं गारा पडल्या. दोडक्याचा मांडव आडवा झाला, भेंडीच्या पानांची चाळणी झाली. मग दोन दिवस ढगाळ, चिकचिक, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच ऊन. वाचलेल्या टमाटरांची शेंड्याकडची पानं वाटीसारखी वळायला लागली. झाडाला हात लावला की पांढऱ्या माशीचा धुरळा उडायचा. फुलं यायची आणि देठासकट गळायची. रोज सकाळी मी ती पिवळी फुलं वेचून मोजत बसायची, जसं काही मोजल्यानं थांबणार होतं.

अशात कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात आली: "उन्हाळ्यात गच्चीवरची बाग वाचवा. शंभर टक्के जैविक. घरपोच सेवा." मी फोन केला, दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस हजर. तिशीतला, हिरवा टी-शर्ट, खिशाला भिंग अडकवलेलं. बोलणं अगदी घरच्यासारखं.

"काकू, उशीर करून राहिल्या तुम्ही. मेअखेरचे नऊ तापते दिवस, तो नवतपा लागला की मग काहीच वाचत नाही." मोबाईलवर त्यानं एक स्क्रीनशॉट दाखवला. "मागे ५६ गेलं होतं ना जी आपल्या नागपुरात!"

त्या ५६ची गोष्ट मला ठाऊक होती. ३० मे २०२४ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवलं, देशभर बातमी झाली, आणि नंतर हवामान खात्यानं सेन्सरच बिघडला होता म्हणून सांगितलं. मी त्याला तिथेच टोकायला हवं होतं. पण सकाळी सकाळी आलेल्या पोराला कशाला खोटं पाडायचं, असं वाटून गप्प बसले. आता वाटतं, मी टोकते की नाही तेच तो बघत होता.

त्यानं पॅकेज सांगितलं. हिरवी शेडनेट, दहा पोती गांडूळखत, "कलमी" टमाटराची वीस रोपं, आणि जूनपर्यंत महिन्याला दोन फेऱ्या. ८,५०० रुपये. पाच हजार आधी, बाकीचे सामान आल्यावर. कोड स्कॅन केला तर नाव एका बाईचं आलं. "मिसेसचं खातं आहे, काकू." पैसे पाठवून टाकले. बिल मागितलं तेव्हा वहीचं पान फाडून त्यावर आकडा लिहून दिला. ना सही, ना पत्ता.

सामान मात्र दुसऱ्याच दिवशी आलं, त्यामुळे माझा विश्वास आणखी बसला. नेट बांधली, कुंड्या ओळीत मांडल्या, रोपं लावली. निघताना त्यानं चार कोपऱ्यांतून फोटो काढले. गच्ची खरोखर देखणी दिसत होती.

आता एकेक सांगते.

कलमी रोपाला जोडाची खूण असते. खोडावर जमिनीपासून थोडं वर एक गाठ दिसते, बरेचदा छोटी प्लास्टिकची क्लिपही असते. माझ्या वीस रोपांत एकालाही तशी गाठ नव्हती. साधी रोपवाटिकेतली रोपं होती, आणि नेट मे संपायच्या आत दोरीपाशी फाटली. त्याचं फार वाईट वाटलं नाही.

खताचं वाटलं. दहा-बारा दिवसांनी कुंडीतली माती वरून पापडासारखी कडक व्हायला लागली. पाणी घातलं की आत मुरायचं नाही, कडेनं ओघळून खाली. मी एका काचेच्या ग्लासात मूठभर "गांडूळखत" टाकून ढवळलं. चांगलं खत असतं तर पाण्याला तपकिरी रंग आला असता. इथे पाणी राखाडी झालं आणि वर बारीक चंदेरी कणांचा तवंग तरंगत राहिला. शेजारच्या वहिनींचं बालपण कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राच्या वसाहतीत गेलेलं. त्यांनी ग्लास उजेडात धरला, चिमटीत गाळ चोळून पाहिला आणि म्हणाल्या, "ही तर पॉवर हाऊसची राख आहे ना! आमच्याकडे खिडकीत रोज एवढी जमायची." विटा बनवायला ही राख सर्रास वापरतात. टमाटराला नाही. वर काळी माती आणि थोडं शेणखत मिसळलं होतं, म्हणून पोतं उघडल्यावर वास बरोबर आला होता. ग्लासात टाकून बघायला मला दोन मिनिटं लागली. हीच दोन मिनिटं पैसे द्यायच्या आधी काढली असती तर.

पण पैशापेक्षा मोठी गोष्ट पुढे आहे. पहिल्या फेरीला तो आला तेव्हा मी फुलगळ दाखवली. त्यानं पाण्याच्या जुन्या बाटलीत भरलेलं दुधाळ औषध काढलं. "कडुनिंब, गोमूत्र आणि आमचा फॉर्म्युला. फुलगळ बंद, माशी साफ." १,२०० रुपये वेगळे. बाटलीवर कागदाचा कपटाही नव्हता. झाकण उघडल्यावर ना कडुनिंबाचा वास, ना गोमूत्राचा. रॉकेलसारखा उग्र भपकारा. मी म्हटलं, "वास वेगळाच येतो रे." तो हसला. "अर्क आहे ना, काकू."

मी फवारलं. तोंडाला नुसता पदर.

दुसऱ्या दिवशी माश्या खरंच गायब, आणि मी दोन मैत्रिणींना त्याचा नंबरही दिला. हे लिहिताना अजून लाज वाटते. त्याच दिवशी दोडक्याच्या फुलाखाली चार-पाच मधमाश्या मरून पडलेल्या दिसल्या. आठवड्याभरात वांग्याची पानं फिकट पडली, त्यांवर सुईच्या टोकाएवढे पांढरे ठिपके आले आणि खालच्या बाजूला जाळं धरलं. आमच्या गल्लीत महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयातून निवृत्त झालेले एक सर राहतात. त्यांनी पान पांढऱ्या कागदावर झटकलं. कागदावर तांबडे ठिपके पडले आणि ते चालायला लागले. लाल कोळी. सर म्हणाले, कोरड्या उन्हात हा वाढतोच, पण तुम्ही जे मारलं त्यानं त्याला खाणारे किडे आधी मेले. त्यांच्या मते बाटलीत सरळ रासायनिक कीटकनाशक होतं, बहुधा पायरेथ्रॉइड जातीचं.

मग त्यांनी ज्या गोष्टी सांगितल्या, त्या ऐकून मला रडू यायचं बाकी होतं. टमाटराची फुलगळ हा रोगच नव्हता. दिवसाचं तापमान ३५च्या वर आणि रात्रही गरम राहिली की टमाटराचं परागीभवन होत नाही, फूल गळतं. त्यावर औषध नाही, ऊन उतरायची वाट बघायची. पानं वाटीसारखी वळली ती पांढऱ्या माशीनं पसरवलेल्या विषाणूमुळे. तसं झाड बरं होत नाही, उपटून टाकायचं. आणि कोळ्यासाठी सकाळी पानाच्या खालच्या बाजूला जोरात पाण्याचा फवारा. म्हणजे ज्यासाठी मी १,२०० दिले, त्यातलं काही फुकटात होणार होतं आणि काही होणारच नव्हतं.

सरांनी विचारलं, "बाटलीवर त्रिकोण होता का?" १९६८च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणे डब्यावर नोंदणी क्रमांक, बॅच, तारखा आणि विषारीपणाचा रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. दुकानात मिळणाऱ्या कडुनिंबाच्या औषधावरही नोंदणी क्रमांक लागतो आणि विकणाऱ्याला परवाना लागतो. बिनलेबलच्या बाटलीतून काही अंगावर आलं असतं तर डॉक्टरला काय सांगितलं असतं तुम्ही, असं त्यांनी विचारलं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हा ती बातमी मीच दहावीच्या वर्गात वाचून दाखवली होती. झाडावरचे उरलेले टमाटर तोडून टाकले. नातू चार दिवसांपूर्वीच कच्चा टमाटर मीठ लावून खाऊन गेला होता. त्या रात्री मुलीला तीनदा फोन केला. तो ठणठणीत होता.

त्या माणसाला फोन लावला. आधी "बाहेरगावी आहे काकू", मग रिंग जायची, मग तीही नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करायला बसले तर पहिलाच प्रश्न आला बिलाचा आणि विक्रेत्याच्या पत्त्याचा. माझ्याकडे वहीचं पान. पैसे पाठवल्याचा व्यवहार क्रमांक तेवढा होता, तो दिला. अजून काही हाती लागलेलं नाही. बाटलीत बोटभर औषध उरलं आहे. नालीत ओतायची हिंमत होत नाही, म्हणून डब्यात घालून, वर "विष" असं लिहून माळ्यावर ठेवलं आहे.

गेल्या महिन्यात बेसा भागातल्या मैत्रिणीनं एक जाहिरात पाठवली. नंबर नवा, नाव नवं. "हे बघ, किती छान करून देतात. बोलावू का?" फोटोत हिरवी नेट, ओळीत कुंड्या, मागे कूलरचं गंजलेलं स्टँड आणि तुटक्या कानाची निळी बादली. ती बादली माझी आहे. तो फोटो पहिल्या दिवशीचा आहे.