स्प्रिंगच्या एअर रायफलीवर ३-९×४० स्कोप: काही महिन्यांच्या वापरानंतर

उन्हाळ्याच्या तोंडावर घेतलेला हा स्कोप (३ ते ९ पट मोठे दाखवणारी, ४० मिलिमीटर भिंगाची नेमाची दुर्बीण) दिवाळी उलटून गेल्यावरही माझ्या रायफलीवर शाबूत आहे, आणि स्प्रिंगच्या एअर रायफलीच्या बाबतीत हीच त्याची पहिली परीक्षा मानावी लागते. रायफल ४.५ मिलिमीटरची, नळी मोडून भरण्याची, २० जूलच्या आतली, म्हणजे २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवान्याची गरज नसलेली आहे. माझा वापर मोहोळकडच्या शेतावर कागदी लक्ष्यापुरता असतो. १० मीटरच्या स्पर्धेची तयारी करणाऱ्यांना या लेखाचा फारसा उपयोग नाही, कारण त्या प्रकारात असा स्कोप चालत नाही. तेथे डायऑप्टर, म्हणजे बारीक छिद्रातून नेम धरण्याचे बिनभिंगाचे साधन, लावतात.

काडतुसाच्या बंदुकीचा धक्का केवळ मागे बसतो. स्प्रिंगच्या रायफलीत मात्र पिस्टन पुढे सुटताच रायफल मागे येते आणि पिस्टन टोकाशी जाऊन थांबताच ती पुढे हिसडते. एकाच दिशेचा धक्का सोसण्यासाठी बांधलेल्या स्कोपच्या आतली भिंगे आणि नेमाची फुली या उलट हिसक्याने सैल होतात, म्हणून खरेदी करताना भिंगाच्या आकारापेक्षा स्कोप स्प्रिंग रायफलीसाठी बनवलेला आहे की नाही, हे आधी पाहावे. माझा तसा होता, तरीही सुरुवातीच्या काळात छर्रे कोठेही लागत होते, आणि त्यांतला बहुतेक दोष स्कोपचा नव्हता.

नेम जुळवताना छर्रे विखुरलेले आहेत की एकत्र पण भलतीकडे लागत आहेत, हा फरक सर्वांत महत्त्वाचा आहे. एकत्र लागत असतील तरच स्कोपवरच्या नेम सरकवणाऱ्या नॉबला हात लावण्यात अर्थ आहे. विखुरलेल्या छर्ऱ्यांच्या मागे क्लिक, म्हणजे नॉबचे खटके, फिरवत बसणाऱ्याचा छर्ऱ्यांचा डबा संपतो, पण झिरो, म्हणजे फुली आणि छर्रा एकाच बिंदूवर जुळणे, होत नाही. माझ्याकडे छर्रे विखुरलेले तर होतेच, शिवाय प्रत्येक बैठकीत त्यांचा मध्यही सरकत होता. स्कोप रायफलीवर धरून ठेवणाऱ्या माउंटच्या पुढच्या कडेला, रायफलीच्या पाठीवर पेन्सिलची बारीक रेघ मारून ठेवली, तेव्हा काही छर्ऱ्यांतच रेघ आणि माउंट यांची फारकत दिसली. विक्रेत्याने सोबत दिलेल्या दोन सुट्या रिंगा रायफलीवरच्या ११ मिलिमीटरच्या खाचेत बसत होत्या, परंतु त्यांना अडवणारी खुंटी नव्हती, त्यामुळे प्रत्येक हिसक्याला स्कोप मागे सरकत होता. एकसंध माउंट घेतला. त्याची खुंटी रायफलीवरच्या छिद्रापेक्षा जाड निघाली, ती अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या लेथवाल्या काकांनी हसत हसत घासून दिली. खाचेतले तेल पुसून, स्क्रू एकाआड एक, तिरप्या क्रमाने आणि सुमारे २ न्यूटन-मीटर इतकेच आवळल्यावर सरकणे थांबले. त्याहून जोर लावल्यास स्कोपची नळी चेपते.

त्यानंतर खरी अडचण समोर आली. छर्रे आता एकत्र लागत होते, पण १० मीटरवर नेमापेक्षा तब्बल १० सेंटिमीटर खाली, आणि उंचीचा नॉब शेवटाला पोचला तरी ते मध्यावर येईनात. येथे हिशेब मांडणे उपयोगी ठरते. स्कोपचा मध्य रायफलीच्या नळीच्या मध्यापेक्षा सुमारे ४ सेंटिमीटर वर असतो. सेकंदाला २०० मीटर वेगाने निघालेला छर्रा १० मीटरमध्ये सव्वा सेंटिमीटरच्या आसपास खाली येतो. उरलेले पावणेपाच सेंटिमीटर हे नळीच झुकलेली असल्याचे लक्षण आहे, आणि मोडून भरण्याच्या रायफलींत ही खोड सर्रास आढळते. पाव एमओएचा (एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग) एक क्लिक १०० मीटरवर ७.३ मिलिमीटर सरकवतो, म्हणजे १० मीटरवर फक्त ०.७३. त्यामुळे १० सेंटिमीटरसाठी १३७ क्लिक हवेत, आणि माझ्या स्कोपमध्ये मध्यापासून एका बाजूला १२० च्या आसपासच मिळतात. शिवाय नॉब टोकाला नेला की आतल्या स्प्रिंगचा ताण संपतो आणि फुली प्रत्येक धक्क्याने थोडी हलते, म्हणून कसेबसे जुळले तरी तो झिरो विश्वासाचा नसतो.

उपाय स्वस्त आहे. मागच्या रिंगच्या खालच्या अर्ध्या भागात पितळेच्या पत्र्याची पट्टी घालावी. दोन रिंगांमध्ये १०० मिलिमीटर अंतर असेल तर दर ०.१ मिलिमीटर जाडीमागे छर्रा १० मीटरवर १ सेंटिमीटर वर येतो. मी ०.५ ची पट्टी घातली, निम्मे काम तिने केले आणि उरलेले सत्तरएक क्लिकमध्ये भागले. याहून जाड पट्टी घालू नये, स्कोपच्या नळीवर बाक येतो. त्यासाठी मुद्दाम उतार दिलेले माउंट मिळतात.

पॅरॅलॅक्सबद्दल थोडक्यात: बंदुकीचे साधे स्कोप १०० यार्डांना जुळवलेले असतात, आणि १० मीटरवर डोळा जरा हलला की फुली लक्ष्यावरून सरकते, हाच पॅरॅलॅक्स. या स्कोपची अंतर जुळवण्याची कडी जवळच्या अंतरालाही नीट जुळते. कडीवरचे आकडे मात्र अंदाजाचेच समजावेत. फुली सरळ आहे की नाही, हे गवंड्याचा ओळंबा दूर टांगून त्याच्या दोरीशी ताडून पाहिले. फुली तिरकी असली की जवळ जुळलेला नेम लांबच्या अंतरावर एका बाजूला जातो.

रायफल वाळूच्या पिशवीवर घट्ट दाबून धरली की झिरो बदलतो, हेही अनेकांना स्कोपचा दोष वाटते. स्प्रिंगची रायफल मोकळ्या तळहातावर, दर वेळी त्याच जागी, सैल टेकवावी. दस्त्याचे स्क्रू अधूनमधून तपासावेत. नवी रायफल असेल तर आतले जादा तेल पेटून धूर येतो आणि वेग कमी-जास्त होतो, तोवर बारीक जुळवणी लांबणीवर टाकलेली बरी. लक्ष्यामागे मी लोखंडी पत्र्याच्या पेटीत कारखान्यातून आणलेली टॉवेलची कातरण ठासून भरली आहे. सोलापुरात ती मिळायला अडचण नाही आणि छर्रे उसळून परत येत नाहीत. आषाढात काळ्या रानावरचा वारा दुपारनंतर छर्रे सहज ढकलतो, म्हणून जुळवणी सकाळीच करावी.

आता २० मीटरवर झिरो आहे. त्याच नेमावर छर्रा १० मीटरवर अर्धा सेंटिमीटर आणि २५ मीटरवर सव्वा सेंटिमीटरच्या आसपास खाली लागतो, आणि माझ्या कामाला एवढे पुरते. तक्रारी दोन आहेत. नॉबचे क्लिक बोटांना स्पष्ट जाणवत नाहीत आणि दिशा उलटवली की पहिले दोन-तीन क्लिक वाया जातात, त्यामुळे हवे त्यापेक्षा थोडे पुढे जाऊन मग एकाच दिशेने परत यावे लागते. दुसरे म्हणजे स्कोपची पट ३ वरून ९ वर नेताना नेम किंचित हलतो, म्हणून मी तो ६ वरच ठेवतो. या किमतीत दुसरा दोष चालवून घेता येतो. पहिला मात्र जुळवणी करताना दर वेळी वैताग देतो, आणि थोडे अधिक पैसे टाकण्याची तयारी असलेल्याने दुकानात स्कोप हातात घेऊन आधी नॉब फिरवून पाहावा.