ऑनलाइन अमेरिकन फुटबॉल लीगमध्ये अकरा महिने: सगळं बरं आहे, किकर सोडून

शुक्रवारी सकाळी सहा चाळीसला निकाल आला. आम्ही २२, समोरचे २३. सीझनचा शेवटचा सामना, जिंकलो असतो तर प्लेऑफ. दुसऱ्या क्वार्टरमध्ये टचडाउननंतर, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात (एंड झोनमध्ये) नेल्यावर, किकने मिळणारा एक पॉइंट माझ्या किकरने घालवला होता, तोच नडला. तेहतीस यार्डांची किक. कुणी धावून येऊन हात लावला म्हणावं तर तेही नाही, लॉगमध्ये फक्त ‘डावीकडून बाहेर’ एवढंच. अनुभव लिहायचं बरेच दिवस टाळत होतो, त्या एका पॉइंटाने लिहायला बसवलं.

सिम लीग म्हणजे संगणकाने सामने खेळवायची लीग, हे इथे वाचणाऱ्यांना माहीत असणार, म्हणून थोडक्यात. ३२ मालक, प्रत्येकाकडे ५३ खेळाडू, सात फेऱ्यांचा ड्राफ्ट (नवे खेळाडू पाळीपाळीने निवडायचे), वर सॅलरी कॅप, म्हणजे पगारांच्या एकूण खर्चाला मर्यादा. शहरं खरी, खेळाडू सगळे काल्पनिक. आपण कोण खेळणार, कसं खेळणार याची फाइल चढवायची. लीग चालवणारा कमिशनर आठवड्यातून दोनदा सिम चालवतो आणि खेळाडूंचे आकडे, आपला गेम प्लॅन आणि नशीब यांचं काय व्हायचं ते होतं. उंटावरून शेळ्या हाकायचंच काम. लीगचं आणि सॉफ्टवेअरचं नाव मुद्दाम देत नाही, पुढे तक्रार आहे.

यात मला ओढलं न्यू जर्सीच्या मावसभावाने. गेल्या गणपतीत देवगडला आला होता. भजनी मंडळी चहाला थांबली तेवढ्या वेळात त्याने माझ्या लॅपटॉपवर सगळं घालून दिलं आणि म्हणाला, “बफेलोची टीम रिकामी आहे, घे.” मला वाटलं, काय प्रेम! तो स्वतः न्यूयॉर्क जायंट्सवाला. विसर्जन झालं, तो परत गेला, आणि मग फोनवर खुसखुसत सांगितलं की २७ जानेवारी १९९१ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे तिथल्या लीगच्या अंतिम सामन्यात, आठ सेकंद उरले असताना बफेलोच्या स्कॉट नॉरवुडची ४७ यार्डांची किक उजवीकडून बाहेर गेली आणि जायंट्स २०-१९ ने जिंकले. त्यानंतरचे तीन सुपर बोलही बफेलो ओळीने हरली. म्हणजे टीम देतानाच शाप देऊन दिली होती.

खर्चाचं सांगतो, कारण ते कोणी नीट सांगत नाही. लीगला फी नाही, सॉफ्टवेअर एकदाच घ्यायचं. कार्डावर परदेशी चलनाचा आकार आणि त्यावर जीएसटी धरून मला तीन हजारांच्या आसपास पडलं. तेवढ्यात बागेत पाच-सहा गड्यांचा रोज सुटला असता. बायकोला मी अजून अर्धाच आकडा सांगितलेला आहे.

आईने एकदा मागे उभं राहून पाहिलं. मी तिला खऱ्या सामन्याचा व्हिडिओ दाखवत होतो. पाच मिनिटं पाहून म्हणाली, “कसलो रे ह्यो फुटबॉल? पायान तर कोणच मारणा नाय!” मी म्हटलं, मारतो ना, एक किकर असतो, एक पंटर असतो. “मगे बाकीचे कित्याक?” यावर मला उत्तर आलं नाही. पण तेव्हापासून माझं लक्ष त्या किकरवर गेलं ते गेलंच. अख्ख्या खेळाच्या नावात पाय आहे आणि पाय वापरणारे दोघेच. आपला पाय चांगला असावा असं वाटलं, यात माझं काय चुकलं?

आता ड्राफ्टबद्दल. आंबेवाल्याला हा भाग लगेच समजतो. व्यापारी मोहोर बघून बाग करारावर घेतो तसंच आहे हे: फळ अजून धरलेलंच नाही आणि पैसे मोजायचे. माझा पहिल्या सीझनचा पहिल्या फेरीतला, बचावात खेळणारा लाइनबॅकर म्हणजे साक्याचा आंबा निघाला. वरून रंग, वास, देठ, सगळं पेटीत वरच्या थरात ठेवण्यासारखं, आणि कापला की आत पांढरा गोळा. उलट सातव्या फेरीत, कोणीतरी घ्यायचा म्हणून घेतलेला एक गार्ड, म्हणजे पुढे उभा राहून समोरच्यांना अडवणारा, तीन सीझन एकही सामना न चुकवता किमान पगारावर खेळतोय. नामवंत टॉम ब्रेडीसुद्धा २००० साली १९९ वा निवडला गेला होता हे लोक सांगतात, पण तो क्वार्टरबॅक, चेंडू फेकणारा, त्याचं नाव होणारच. गार्डचं नाव लॉगमध्ये फक्त पेनल्टी झाली की येतं. माझ्या गार्डचं नाव आख्ख्या सीझनमध्ये दोनदा आलं. असा माणूस बागेत मिळाला तर मी त्याला घरात जेवायला बसवीन.

असो, किकर.

दुसऱ्या सीझनआधी फ्री एजंटांच्या, म्हणजे करार नसलेल्या खेळाडूंच्या, यादीत हा दिसला. ताकद ९१, अचूकता ७९. बफेलो एरी सरोवराच्या काठावर, वारा प्रचंड, आणि सिम वारा धरतं. मी पवनचक्क्यांच्या गावात राहतो, म्हटलं वाऱ्याला ताकदच पाहिजे. किक किती लांबची हे मोजताना जिथे चेंडू आहे त्यात सतरा मिळवायचे, दहा यार्ड एंड झोनचे आणि सात मागे चेंडू टेकवतात त्याचे. म्हणजे ३० यार्डांच्या रेषेवर अडकलो तरी ४७ ची किक. ९१ ताकदीच्या माणसाला ते म्हणजे अंगणातून पडवीत. पाच वर्षांचा करार केला. पगार वर्षाला १० लाख डॉलर, सही करतानाचा बोनस ५० लाख.

इथे फसलो. बोनस हातात एकदम जातो, पण सॅलरी कॅपमध्ये पाच वर्षांत वाटून, वर्षाला १० लाख असा धरला जातो. अमेरिकेतल्या खऱ्या लीगमध्ये १९९४ पासून कॅप आहे आणि हा हिशेब तिथलाच. छान वाटतं, हप्त्यासारखं. पण माणसाला काढलं की उरलेले सगळे हप्ते एकदम छाताडावर. याला डेड मनी म्हणतात. माझा किकर पहिल्याच सीझनमध्ये तीन सामने घालवून बसला. ठेवला तर पुढच्या वर्षी पगार आणि हप्ता मिळून २० लाख. काढला तर ४० लाख, आणि वर किकर नाही. म्हणजे घरी बसवायला दुप्पट पैसे! असला व्यवहार आमच्या वाडीत कोणी केला असता तर त्याला दोन पिढ्या नावं ठेवली असती.

पळवाट आहे. १ जूननंतर काढलं तर त्या वर्षी फक्त त्या वर्षाचा हप्ता, बाकीचे पुढच्या वर्षावर ढकलतात. आमच्या लीगमध्येही तो टप्पा येतो, पण लीगचा १ जून आपल्या कॅलेंडरवर कधीही पडतो. माझा मार्चमध्ये पडला. दुसरा एक किकर हेरून ठेवला होता, ताकद साधारण, अचूकता ८४, बोनस शून्य. फाइल तयार. डेडलाइन त्यांच्याकडे सोमवारी रात्री नऊ, म्हणजे आपल्याकडे मंगळवारी सकाळी साडेसात. मी चहा घेऊन सात दहाला चढवायला गेलो तर दार बंद. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेत घड्याळं तासाने पुढे करतात. साडेसातचं साडेसहा झालं होतं. माझा हेरलेला किकर तेवढ्यात दुसऱ्याच टीमने उचलला, आणि माझा मला.

कमिशनरला मी मोठं पत्र लिहिलं. भारतात घड्याळं बदलत नाहीत, हंगाम चालू आहे, मी सहाला बागेत असतो, एकदा फाइल घ्या. त्याचं उत्तर एका ओळीचं: डेडलाइन पूर्व अमेरिकेच्या वेळेने रात्री नऊ, नियमात लिहिलेलं आहे. मी पुन्हा लिहिलं. त्याने नियमाचा क्रमांक पाठवला. तिसऱ्यांदा लिहिलं तेव्हा बाकीच्या एकतीस जणांनी वाचलं आणि एकाने मला अलार्म कसा लावायचा ते समजावलं. हात दाखवून अवलक्षण.

तेव्हापासून घरात रोजचा प्रश्न ठरलेला. मंगळवारी आणि शुक्रवारी मी बागेतून आलो की बायको भाकरी थापता थापता विचारते, “तुमचो तो आजपण चुकलो काय?”

मावसभावाने समजूत घालायला एक गोष्ट सांगितली. २०१६ साली टॅम्पा बेच्या टीमने चक्क दुसऱ्या फेरीत किकर घेतला, रोबेर्तो अग्वायो, कॉलेजात नावाजलेला. पहिल्या सीझनला ३१ पैकी २२ फील्ड गोल (खांबांमधून मारलेली किक), आणि पुढच्या वर्षी सीझनआधीच काढून टाकला. मला बरं वाटायला हवं होतं. पण त्यांनी निदान काढला तरी.

इथपर्यंतचं जूनमध्ये लिहून ठेवलं होतं आणि पाच पैकी दोन तारे देणार होतो. आता ऑगस्ट आहे, थोडं बदलायला लागतंय.

एक तर, चूक माझी निघाली. आपल्याला दिसतात ते खेळाडूंचे आकडे खरे नसतात, आपल्या स्काउटांचा, म्हणजे खेळाडू पारखणाऱ्यांचा, अंदाज असतो. स्काउटिंगवर जितका खर्च कराल तितका अंदाज खऱ्याच्या जवळ. तो खर्च मी पहिल्या दिवसापासून सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवला होता. का? कारण समोर डॉलर दिसले आणि हात आखडला. ते पैसे कॅपमध्ये धरत नाहीत, शिल्लक ठेवून व्याज मिळत नाही, मला त्यातून एक पेटी खतसुद्धा घेता येणार नाही, तरी मी वाचवत होतो. पाऊस लागल्यावर काम नव्हतं म्हणून एक-एक पडदा उघडून बघत होतो तेव्हा हे दिसलं. खर्च मधल्या पायरीवर नेला आणि दोन सिमनंतर माझ्या किकरची अचूकता ७९ ची ६१ झाली. माणूस तोच, फक्त आता मला तो दिसायला लागला. पहिल्या फेरीतल्या त्या लाइनबॅकरचंही तेच.

हे मॅन्युअलमध्ये आहे म्हणे. दोनशेच्या वर पानं आहेत, मोबाइलवर वाचवत नाहीत, आणि झेरॉक्सवाला पानाला दोन रुपये घेतो. तरी माझी तक्रार उभी आहे: अंदाजाचा आकडा असेल तर आकड्यापुढे काहीतरी खूण करा. आम्ही पेटीवर डझन लिहितो ते मोजून लिहितो.

दुसरं, लाइट. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात फणसाची फांदी तारेवर पडली, तीन दिवस वीज नाही, मागोमाग टॉवरही गेला. एक फाइल गेली. जुलैच्या सुरुवातीला पुन्हा तेच. मार्चची धरून तीन झाल्या, आणि तीन चुकल्या की टीम काढून घेतात. टॉवर आला तेव्हा नोटीस येऊन पडली होती. या वेळी पत्र लिहिलं नाही, नुसता फोटो पाठवला: तार, फांदी, आणि फांदीला लोंबणारे दोन फणस. चार तासांनी कमिशनरचं उत्तर. नोटिशीबद्दल अक्षर नाही. ते फळ काय आहे, किती वजनाचं असतं, आणि ते डोक्यावर पडत नाही का?

मी सांगितलं, दहा-पंधरा किलोचंही असतं, आणि आम्ही खाली उभे राहत नाही. त्यानंतर तिघाचौघा मालकांनी प्रश्न विचारले, एकाला आठळ्यांची भाजी कशी करतात ते लिहून दिलं. शेवटी एक चूक माफ झाली, दोन राहिल्या. आणि त्याच बोलण्यात कळलं की आपल्या गैरहजेरीत फाइल चढवायला दुसरा माणूस नेमता येतो, ही सोय पहिल्यापासून होती. मार्चमध्ये मला नियमाचा क्रमांक पाठवणाऱ्याला या नियमाचाही क्रमांक पाठवता आला असता. आता मावसभाऊ नेमलाय. जायंट्सवाला माझी फाइल हाताळतो हे मनाला पटत नाही, पण त्याच्याकडे लाइट असते.

तर आता साडेतीन तारे. अर्धा तारा गार्डचा आहे.

किकर? आहे अजून. आता काढला तर उरलेले ३० लाख, १ जूनचा टप्पा धरला तरी आज नाही तर उद्या भरायचेच. त्यापेक्षा वेगळी तोड काढली. टचडाउन झालं की एका पॉइंटाची किक मारायचीच नाही, प्रत्येक वेळी दोन पॉइंटांसाठी, म्हणजे चेंडू पुन्हा एंड झोनमध्ये न्यायला, खेळायचं. दोनदा खेळून एकदा जरी जमलं तरी हिशेब बरोबरीत बसतो, आणि माझ्या गार्डच्या मागून धावणारा जमवतो. चाळीस यार्डांच्या वरच्या फील्ड गोललाही बंदी घातली आहे. चौथ्या सीझनचे पाच सामने झाले, तीन जिंकलो. किकऑफ, म्हणजे खेळ सुरू करायच्या किक, तेवढे त्याच्याकडेच ठेवलेत. ९१ ची ताकद खरी निघाली, चेंडू दर वेळी थेट एंड झोनच्या पलीकडे जातो. पैसे भरलेत, तेवढे तरी वसूल होऊ देत.