न मोजलेल्या कंपनांचा अहवाल

कोणते यंत्र बंद पडले तर सारे उत्पादन थांबेल आणि त्या यंत्रातील कच्चे दुवे कोणते, हे शोधून देण्याचे काम देखभाल विभागाचा प्रमुख या नात्याने मी एका बाहेरच्या सल्लागार संस्थेला दिले. जाडजूड अहवाल आला, बिल चुकते झाले आणि काही आठवड्यांतच, अहवालात ‘उत्तम’ ठरलेल्या, बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या फीड पंपाचे बेअरिंग जाम होऊन शाफ्टही खराब झाला.

तेव्हा मी तो अहवाल ओळ न् ओळ तपासला. हे बिलावर सही करण्याआधीच करायला हवे होते, याची खंत आजही आहे. यंत्रांची स्थिती त्यांची कंपने मोजून ठरवल्याचे त्यात म्हटले होते. राखीव कूलिंग वॉटर पंपापुढे कंपनाची नोंद 2.3 मिलिमीटर प्रति सेकंद अशी होती. प्रत्यक्षात तो पंप मोजणीच्या दिवशी मोटरशी जोडणारे कपलिंग सोडवून वर्कशॉपच्या टेबलावर उघडून ठेवलेला होता. 960 आरपीएमने, म्हणजे मिनिटाला 960 फेऱ्यांनी फिरणाऱ्या पंख्याच्या कंपन-आलेखात गतीचे शिखर 16 हर्ट्झवर (सेकंदाला 16 फेरे) दिसायला हवे, ते 24.7 हर्ट्झवर होते, म्हणजे तो आलेख 1480 आरपीएमच्या दुसऱ्याच कुठल्या यंत्राचा होता.

त्याहून घातक होती ती यंत्रांची क्रमवारी. बिघाडाचा परिणाम, त्याची वारंवारता आणि तो वेळीच लक्षात न येण्याची शक्यता यांना 1 ते 10 गुण देऊन त्यांचा गुणाकार केल्याचे लिहिले होते; पण यादी खरेदीच्या किमतीनुसार लावलेली निघाली. त्यामुळे कॉम्प्रेसर सर्वांत वर होता आणि ज्याचा दाब घसरला की तोच कॉम्प्रेसर ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो, तो वंगण तेल पुरवणारा छोटा ल्युब ऑइल पंप यादीत कुठेच नव्हता. आमच्या ऑपरेटरांपैकी एकाला जरी विचारले असते, तरी त्याने तो पंप आधी दाखवला असता. ब्रेकडाउन रजिस्टरही कुणी मागितले नव्हते.

मोजणीच्या मूळ फाइली मागितल्यावर उपकरणाची मेमरी पुसली गेल्याचे उत्तर मिळाले. करारात फक्त ‘अहवाल सादर करणे’ एवढेच लिहिलेले असल्याने पैसेही परत मिळाले नाहीत. असे काम देणाऱ्यांनी तारीख-वेळेसह मूळ फाइली, प्रत्येक मोजणीला आपला तंत्रज्ञ हजर असणे आणि किमान एका यंत्राची आपण स्वतः केलेली फेरमोजणी, या तिन्ही अटी वर्क ऑर्डरमध्येच घालाव्यात आणि त्या पुऱ्या झाल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नये.